रॉ फाईल उघडली की पहिला सेकंदभर रंग मस्त आणि मग एकदम फिके, असं का होतं?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून पहिल्यापासून लिहितो.

मी कुडाळजवळचा. गेल्या वर्षी सेकंडहँड डीएसएलआर घेतला आणि यंदा आमच्या देवळाच्या जत्रेत रात्रभर बसून दशावतार शूट केला, पालखीच्या प्रदक्षिणेपासून ते पहाटे दहीकाला होईपर्यंत. सगळे सांगतात रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने फोटो तयार न करता ठेवलेली कच्ची फाईल) काढ रॉमध्ये काढ म्हणून पहिल्यांदाच कॅमेरा नुसत्या रॉवर ठेवला होता, जेपेग एकही नाही. नाटक संपल्यावर राजपार्ट करणाऱ्या दादांना कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दोनचार फोटो दाखवले, त्यात त्यांचा लाल शेला आणि तोंडावरचा रंग असा काही उठून आला होता की रात्रभर नाचून दमलेला माणूस एकदम ताजा झाला. म्हणाले हे मला पाठव, मोठे करून घरात लावतो, इतकी वर्षं काम करतोय पण माझा असा फोटो कुणी काढलेला नाही.

घरी येऊन लॅपटॉपवर उघडले (एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलंय) तर पहिला एखादा सेकंद फोटो अगदी कॅमेऱ्यात दिसला तसाच, आणि मग डोळ्यांदेखत बदलतो, काळपट होतो, शेल्याचा लाल विटकरी होतो, सगळ्यावर धुकं धरल्यासारखं वाटतं. मी कशालाही हात लावलेला नसतो! हाताने सरकवून सरकवून जमेल तसे नीट केले आणि दादांना व्हॉट्सॲपवर पाठवले तर ते म्हणाले हे त्या दिवशी दाखवलेले नाहीत, ते दुसरे होते. मला फार वाईट वाटलं.

अजून दोन गोष्टी आहेत. हॅलोजनचा दिवा फ्रेममध्ये आलाय तिथे दिव्याभोवती गुलाबी डाग दिसतोय, तो कॅमेऱ्यात नव्हता. आणि मधेच मंडपवाल्याने निळे एलईडी लावले होते, त्या फोटोंत तोंड म्हणजे नुसता सपाट निळा ठिपका, नाकडोळेसुद्धा धड कळत नाहीत. सॉफ्टवेअर रंग बिघडवतंय का? आणि खरा रंग नक्की कुठला, पहिल्या सेकंदाचा की नंतरचा?

माडाखाली

पहिल्या सेकंदाला दिसतो तो रॉ नव्हेच. कॅमेरा प्रत्येक रॉ फाईलच्या पोटात स्वतः बनवलेला एक जेपेग ठेवून देतो, मागच्या स्क्रीनवर तोच दिसतो आणि सॉफ्टवेअर पण आधी पटकन तोच दाखवतं, कारण खरी रॉ उलगडायला वेळ लागतो. उलगडून झाली की त्या जेपेगच्या जागी ती येते, म्हणून तुला डोळ्यांदेखत बदलताना दिसतं. बिघाड काही नाही.

माझं मत विचारशील तर फिका आहे तोच खरा. कॅमेरा जेपेगला मेकअप करतो, रॉला करत नाही. दादांना समजावून सांग.

खाडीपलीकडे

माडाखाली, जेपेगचं तू बरोबर सांगितलंस पण "फिका तोच खरा" हे मला अजिबात पटत नाही आणि या एका समजुतीने खूप जणांचे चांगले फोटो मेलेले मी बघितलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो, सड्यावरचा तू पण चहा घेऊन बस.

रॉमध्ये रंग नसतोच. खरा पण नसतो आणि खोटा पण नसतो. आपल्याकडचे भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे छोटे तुकडे, डोळ्यासमोर आण. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी चिप) म्हणजे २ कोटी ४० लाख कुणगे, आणि प्रत्येक कुणग्यावर एकाच रंगाचा फिल्टर बसवलेला, कुणावर लाल, कुणावर हिरवा, कुणावर निळा. चारचा गट घेतलास तर दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि अजूनही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे (फुजीच्या एक्स-ट्रान्सची मांडणी वेगळी असते). हिरवे दुप्पट का, तर आपल्या डोळ्याला उजेडाचा बारीक फरक हिरव्यातच जास्त कळतो म्हणून. आता प्रत्येक कुणग्यात किती उजेड पडला याचा फक्त एक आकडा रॉ फाईलमध्ये जातो. एकच. लाल कुणग्याला तिथे हिरवा किती होता ते माहीतच नाही.

हिशोबच कर ना. कॅमेरा प्रत्येक आकडा १४ बिटमध्ये लिहीत असेल तर २ कोटी ४० लाख गुणिले १४ भागिले ८, म्हणजे साधारण ४२ एमबी, वर थोडं कॉम्प्रेशन झालं की अजून कमी. तिन्ही रंग खरोखर मोजून ठेवले असते तर याच्या तिप्पट झाली असती फाईल.

मग सॉफ्टवेअर काय करतं. सेन्सरवर उजेड नसतानाही जो थोडा आकडा येतो तो आधी वजा करतं, त्याला ब्लॅक लेव्हल म्हणतात. मग व्हाईट बॅलन्स, म्हणजे लाल कुणग्यांचे आकडे एका संख्येने गुणायचे आणि निळ्यांचे दुसऱ्या, कारण सेन्सर हिरवा जास्त पकडतो आणि काहीच न गुणता बघितलंस तर सगळा फोटो शेवाळलेल्या विहिरीसारखा हिरवा दिसतो. मग डिमोझेक, शेजारच्या कुणग्यांत काय आलंय ते बघून प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग अंदाजाने भरायचे. लक्षात घे, तयार फोटोतल्या दर तीन आकड्यांपैकी दोन अंदाज असतात! साधा अंदाज म्हणजे चारी बाजूंची सरासरी, पण तसं केलं तर शेल्याची जर आणि मिशीचे केस विरघळतात, म्हणून हुशार पद्धती कड कुठल्या दिशेने जातेय ते आधी ओळखतात आणि कडेच्या बाजूबाजूने अंदाज करतात, कड ओलांडून करत नाहीत. आरसीडी, अमेझ, एएचडी अशी नावं सेटिंगमध्ये दिसतील, त्या सगळ्या याच पद्धती.

एवढं झालं तरी ते तीन आकडे म्हणजे या कॅमेऱ्याचा लाल, या कॅमेऱ्याचा हिरवा, या कॅमेऱ्याचा निळा. माणसाच्या डोळ्याचे नाहीत, आणि दोन कंपन्यांचे आपसात जुळतही नाहीत. म्हणून नऊ आकड्यांचा एक कोष्टक-गुणाकार करून ते सगळ्यांना समजेल अशा रंगात आणावे लागतात. हा कोष्टक प्रत्येक मॉडेलचा वेगळा, म्हणूनच नवीन कॅमेरा बाजारात आला की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची रॉ उघडत नाही किंवा उघडली तरी रंग भलतेच येतात.

आणि आता तुझं धुकं. सेन्सर सरळ मोजतो, उजेड दुप्पट तर आकडा दुप्पट. डोळा तसा बघत नाही. पांढऱ्या धुतलेल्या धोतराच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा उजेड परत टाकणारी वस्तू आपल्याला मधल्या राखाडी रंगाची वाटते. म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे स्क्रीनवर टाकले तर फोटो अंधारलेला दिसणार, म्हणून वर एक कर्व्ह लावावा लागतो, सावल्या उचलायच्या, मधला भाग उजळायचा, वरचा दाबायचा. कॅमेऱ्याचा स्वतःचा कर्व्ह जोरदार असतो, तो लाल, हिरव्या, निळ्यावर वेगवेगळा लागला की रंगही आपोआप गडद होतात, आणि वर पुन्हा पिक्चर स्टाईलचा तडका. तुझं फुकटचं सॉफ्टवेअर मात्र मुद्दाम सौम्य सुरुवात करून देतं, पुढचं तू ठरव म्हणून. माडाखाली ज्याला खरा म्हणतोय तो पण कुणीतरी प्रोग्रॅमरने निवडलेला एक कर्व्ह आहे बाबा, फक्त दुसऱ्याचा. शेला त्या रात्री मंडपात तू स्वतः डोळ्यांनी बघितला होतास ना, मग लाल की विटकरी ते तू सांगायचं, फाईलने नाही.

उपाय: तुझं सॉफ्टवेअर रॉथेरपी असेल तर ऑटो मॅच्ड टोन कर्व्ह लाव, तो फाईलच्या पोटातला जेपेग वाचून कर्व्ह त्याच्याशी जुळवतो. डार्कटेबल असेल तर ५.० पासून कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार तयार स्टाईल्स आल्यात त्यातली तुझ्या मॉडेलची लाव. लाईटरूमवाल्यांनी प्रोफाईलमध्ये जाऊन कॅमेरा मॅचिंग बघायचं. तिथून सुरुवात केलीस की दादांचा लाल शंभर टक्के नाही पण जवळपास परत येईल.

गुलाबी डागाचं पण सांगतो कारण ते याच गुणाकारातून येतं. दिव्याजवळ उजेड इतका की लाल, हिरवा, निळा तिन्ही कुणगे काठोकाठ भरले, १४ बिटमध्ये १६,३८३ च्या वर आकडा जाऊच शकत नाही. म्हणजे तिन्ही सारखे. मग व्हाईट बॅलन्सने लाल आणि निळा वाढवला, हिरवा तसाच ठेवला, झाला गुलाबी! सॉफ्टवेअरने भरून वाहिलेली जागा ओळखून तिथे पांढरं करायचं असतं, पण तुझ्या मॉडेलची "काठोकाठ" म्हणजे नेमका आकडा किती हे त्याने थोडं चुकीचं धरलं असेल तर ते ओळखतच नाही. रॉचा व्हाईट पॉईंट म्हणून सेटिंग असतं, ते थोडं थोडं खाली आण आणि हायलाईट रिकन्स्ट्रक्शन चालू आहे ना ते बघ. जाईल डाग.

माडाखाली

मान्य. मी आजपर्यंत रॉ म्हणजे कच्चा तरी फोटोच असं धरून चाललो होतो, तो आकड्यांचा ढीग आहे हे असं डोक्यात आलंच नव्हतं. कुणग्यांमुळे कळलं.

सड्यावरचा

खाडीपलीकडे दादा, खूप खूप आभार, दोनदा वाचलं. स्टाईल लावली आणि धुकं गेलं, लाल बराच परत आला. गुलाबी डाग पण व्हाईट पॉईंट खाली आणल्यावर गेला, दिवा पांढरा झाला.

पण एक राहिलं. फोटो अजूनही आतल्या जेपेगपेक्षा काळोखा आहे, एक्सपोजर बरोब्बर एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवला की जुळतो. प्रत्येक फोटोत बरोब्बर एकच कसा? आणि एक विचित्र, माझ्या कॅमेऱ्यात आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा त्याचं सेटिंग) २०० च्या खाली जातच नाही, आधीच्या मालकाने काहीतरी करून ठेवलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

खाडीपलीकडे

अरे हे आधी सांगायचंस! व्ह्यूफाईंडरमध्ये आयएसओजवळ डी आणि अधिकचं चिन्ह दिसतं का बघ. ते म्हणजे कॅननचं हायलाईट टोन प्रायॉरिटी. ते चालू असलं की कॅमेरा सेन्सरचा आकडा मुद्दाम एक स्टॉप खाली ठेवतो, म्हणजे तू २०० लावलंस की आत काम १०० चंच होतं, जेणेकरून दिवे आणि पांढरे कपडे फुटू नयेत, म्हणजे काठोकाठ भरून सपाट होऊ नयेत, आणि जेपेग बनवताना खालचा भाग परत उचलून देतो. म्हणून २०० च्या खाली जायला जागाच नाही त्याला. जेपेगमध्ये सगळं छान दिसतं पण रॉमध्ये तो खाली ठेवलेला आकडाच असतो, सोबत "मी असं केलंय" अशी एक खूण फाईलमध्ये जाते. काही सॉफ्टवेअर ती खूण वाचतात, काही नाही. निकॉनच्या ॲक्टिव्ह डी-लायटिंगचा आणि सोनीच्या डीआरओचा पण रॉवाल्यांना असाच गोंधळ होतो, जेपेगवर दिसणारी करामत बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. रॉ काढणार असशील तर हे सगळं बंद करून टाक आणि एक्सपोजर स्वतः सांभाळ.

एक स्टॉप कमी म्हणजे सेन्सरचं अर्धं भांडं तू वापरलंच नाहीस. १४ बिटमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, त्यातल्या ८,१९२ एकट्या वरच्या स्टॉपमध्ये, त्याखालच्यात ४,०९६, मग २,०४८, असं अर्धं अर्धं होत जातं. रात्रीच्या मंडपात सावल्या आधीच तळाला असतात, तिथे उजेडाचे कणच मोजके. १०० कण आले तर त्यात १० ची वरखाली होतेच, १०,००० आले तर १०० ची, म्हणजे दहा टक्क्यांवरून एक टक्का. सावलीत दिसणारे दाणे यातूनच येतात, सॉफ्टवेअरने नंतर कितीही उचललं तरी जे कण आलेच नाहीत ते येत नाहीत.

हर्णैबंदर

मधेच घुसतो, माफ करा. वर डिमोझेक वाचलं आणि माझा जुना प्रश्न आठवला. आमच्याकडे बंदरावर नायलॉनची जाळी वाळत घालतात, लांबून फोटो काढला की जाळ्यावर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या येतात, केरोसीन सांडल्यावर पाण्यावर दिसतात ना तशा. जाळं एकरंगी आहे. दुसऱ्या लेन्सने काढलं तर कमी येतात. लेन्स खराब आहे का?

खाडीपलीकडे

लेन्स खराब नाही, उलट चांगली आहे म्हणून येतंय. जाळ्याचे डोळे लांबून कुणग्यांच्या मापाइतके बारीक झाले की एक धागा लाल कुणग्यावर पडतो, शेजारची फट हिरव्यावर, पुढे हळूहळू उलटं. सॉफ्टवेअर शेजाऱ्यांवरून अंदाज करतं ना, त्याला वाटतं इथे रंगच बदलतोय. याला मॉयरे म्हणतात. मऊ लेन्स बारीक धागे आधीच पुसून टाकते म्हणून तिच्यात दिसत नाही. काढतानाच दोन पावलं पुढेमागे हो किंवा ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ ११, एफ १६ पर्यंत बारीक कर, थोडा मऊपणा येऊन पट्ट्या मरतात. आधीच काढलेले असतील तर रॉथेरपीत डिमोझेकच्या खालीच फॉल्स कलर सप्रेशन आहे, डार्कटेबलमध्ये कलर स्मूदिंग, लाईटरूममध्ये ब्रशला मॉयरे नावाचा स्लायडर. फक्त जाळ्यावरच फिरव, बाजूला माणसं असतील तर त्यांच्या कपड्यांचे बारीक रंग पण जातील.

जुना_रोल

मी रत्नागिरीत स्टुडिओ चालवत होतो, आता मुलगा बघतो. दशावतार मी गॅसबत्तीच्या उजेडात ब्लॅक अँड व्हाईट रोलवर काढलेला आहे, तेव्हा हा निळ्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून तुझा तो तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही त्यावर मीच लिहितो कारण हल्ली लग्नाच्या रिसेप्शनला रोज हेच आहे आणि मुलाने आणि मी त्यावर बऱ्याच रात्री घातल्यात.

निळ्या एलईडीचा उजेड हा पांढऱ्या उजेडासारखा सगळे रंग मिसळलेला नसतो. तो वर्णपटाच्या एका अरुंद पट्ट्यात एकवटलेला असतो. सूर्यप्रकाशात किंवा हॅलोजनखाली नाकाची कड कळते ती तिन्ही रंगांतल्या फरकामुळे, इथे तोंडावर पडतोय फक्त निळा, तर लाल कुणग्यांत जवळजवळ काहीच नाही आणि निळे मात्र भरून वाहतायत. तुझ्या कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (काळोख डावीकडे, उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख) एकत्रित पांढरा असेल तर तो म्हणणार सगळं ठीक आहे, कारण त्यात निळ्याचं वजन कमी धरलेलं असतं. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लाव, निळा उजवीकडे धडकलेला लगेच दिसेल. आणि तो हिस्टोग्राम पण त्या आतल्या जेपेगवरूनच काढतात बरं का, रॉवरून नाही, म्हणून जेपेगमध्ये फुटलेलं दिसलं तरी रॉमध्ये थोडं वाचलेलं असू शकतं.

आता वाचलेलं असूनही सपाट का दिसतं, तर वर खाडीपलीकडेने कोष्टक सांगितला तो नेहमीच्या उजेडातल्या नेहमीच्या रंगांसाठी जुळवलेला असतो. असा एकाच पट्ट्यातला निळा आला की गुणाकारातून रंग आपल्या स्क्रीनच्या एसआरजीबीच्या (साध्या स्क्रीनसाठी ठरवलेल्या रंगांच्या कुंपणाच्या) बाहेर जातो, हिरवा आणि लाल शून्याच्याही खाली. सॉफ्टवेअर त्या सगळ्यांना कुंपणावर नेऊन उभं करतं. तोंडाची उजळ बाजू आणि काळोखी बाजू दोन्ही एकाच ठिकाणी उभ्या, मग नाक कुठून दिसणार.

उपाय म्हणशील तर आधी एक्सपोजर खाली आण, मग निळ्याचं सॅच्युरेशन कमी कर. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशनला गॅमट कॉम्प्रेशनचा स्लायडर आहे तो वाढवून बघ, तो कुंपणाबाहेरच्यांना एका रांगेत न उभं करता अंतर राखून आत आणतो, नाक परत येतं. व्हाईट बॅलन्सने चेहरा नैसर्गिक करायच्या नादाला लागू नकोस, लाल उजेड तोंडावर पडलाच नव्हता तर तो कुठून आणणार. अगदीच नाही जमलं तर ब्लॅक अँड व्हाईट कर, आणि करताना चॅनल मिक्सरमध्ये हिरव्याचा भाग जास्त ठेव, निळा फुटलेला असतो पण त्याच उजेडाचा थोडा अंश हिरव्या कुणग्यांनी पण पकडलेला असतो आणि तिथे तो फुटलेला नसतो. चेहऱ्याचा आकार तिथे शाबूत सापडतो. हे मला फार उशिरा कळलं, आधी कळलं असतं तर किती लग्नं वाचली असती.

अजून एक, कलाकाराला फोटो पाठवताना एक्सपोर्ट एसआरजीबीमध्येच करायचा. ॲडोब आरजीबी किंवा प्रोफोटोमध्ये केलास तर तुझ्या लॅपटॉपवर चांगला दिसेल आणि रंगाचं प्रोफाईल न वाचणाऱ्या ठिकाणी मेलेला दिसेल. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठव.

शेणीवालो

माका पण लय दिवस ह्योच प्रश्न पडलेलो. मी तर वैतागान रॉ काढूचाच सोडलंय. आता परत चालू करतंय. जुना_रोल काका, गॅसबत्तीतले फोटो असतीत तर हय टाका हो, बघूक खूप आवडतीत.

जुना_रोल

निगेटिव्ह आहेत, काहींना बुरशी लागलीय, कोकणातल्या पावसाळ्यात सगळं वाचत नाही. मुलगा कॅमेऱ्याने कॉपी करणार आहे, रॉमध्येच. झाले की टाकतो. आणि सड्यावरचा, तुझ्या रॉ फाईली दोन ठिकाणी ठेव. तू जे बदल करतोस ते मूळ फाईलमध्ये जात नाहीत, बाजूला एक्सएमपी नावाच्या चिमुकल्या फाईलमध्ये नुसती कृती लिहिली जाते, की एवढा एक्सपोजर, एवढा कर्व्ह. ती पण सोबत कॉपी कर नाहीतर सगळं परत करावं लागेल. मूळ आकडे मात्र तसेच राहतात, म्हणून आज नाही जमलं तर पाच वर्षांनी सॉफ्टवेअर सुधारल्यावर परत उलगडता येतं. २०२३ मध्ये लाईटरूममध्ये जो एआय डीनॉइज आला तो आम्ही आठ वर्षांपूर्वीच्या एका लग्नाच्या रॉवर चालवला आणि नवरीच्या आजीचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला, दाणे काढायचं आणि डिमोझेकचं काम तो एकत्रच करतो म्हणून जमतं त्याला. आजी तोपर्यंत गेल्या होत्या. त्या घरी प्रिंट नेऊन दिली.

सड्यावरचा

काका, हे वाचून काल रात्री परत सगळं पहिल्यापासून बसून केलं.

डी प्लस बंद केलं. राजपार्टच्या बारा फोटोंना आधी एक स्टॉप वर, मग स्टाईल, मग शेल्याचा लाल जरासा मीच माझ्या आठवणीवरून नारिंगीकडून मागे आणला. एसआरजीबीत काढले, डॉक्युमेंट करून पाठवले. सकाळी दादांचा फोन, हेच ते! त्यांनी त्यांच्या आईला पण दाखवले आणि कंपनीतल्या पेटीवाल्या बुवांना पाठवले.

निळे सात होते. गॅमट कॉम्प्रेशनने चार वाचले, दोन नाहीच जमले. सातवा तुम्ही सांगितलं तसा हिरव्यावरून ब्लॅक अँड व्हाईट केला. त्यात संकासुर मंडपाच्या कडेला उभा आहे आणि काळ्या बुरख्याची एकेक सुरकुती दिसतेय, जी निळ्यात मला स्वतःला पण माहीत नव्हती. दादांना विचारलं त्यांचा राजपार्ट सोडून हा एक मोठा करू का, तर म्हणाले दोन्ही कर.

आता एकच विचारायचंय, कुडाळ-सावंतवाडीकडे मॅट पेपरवर बारा बाय अठरा कुठे चांगली प्रिंट मिळते? काळा काळाच यायला हवा.

हर्णैबंदर

प्रिंटचं तिकडचं मला माहीत नाही, पण जाळ्याचा फोटो एफ १६ ला परत काढला. पट्ट्या नाहीत. धन्यवाद.

जुना_रोल

कुठेही दे, पण आधी त्याच पेपरवर चार बाय सहाची एक छोटी काढून घे आणि ती दारात उजेडात नेऊन बघ, दुकानातल्या ट्यूबखाली नको. बुरख्याच्या सुरकुत्या छोटीत बुजल्या असतील तर मोठीतही बुजणार. मग सावल्या थोड्या उचलून परत दे. दोनदा फेरी मारावी लागली तरी चालेल.